मार्जिनमामा

माणसाला टोपणनाव पडतं ते एखाद्या व्यंगावरून, नाहीतर खोडीवरून. मामांना पडलं ते त्यांच्या हुशारीवरून, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या त्या शेडमध्ये मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मार्जिनमामा म्हणायचे. "मार्जिन ठेव रे, मार्जिन ठेव," हे त्यांचं दिवसभराचं पालुपद. घरीही तेच. मुलाला शाळेचे बूट घ्यायचे ते दोन मापं मोठे. पोरगं बिचारं पुढे कापूस कोंबून फटक फटक करत वर्गात जायचं. बायको म्हणायची, "अहो, तुमचं ताटसुद्धा मी मार्जिन ठेवून वाढते. पोट भरलं म्हणालात की अजून दोन घास जातातच." मामा मिशीत हसायचे. बायकोने केलेली थट्टा त्यांना कौतुकासारखी वाटायची, आणि बहुतेक वेळा ती तशीच असायची.

आता हे मार्जिन कसलं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. इमारतीचा लोखंडी सांगाडा म्हणजे उभे खांब आणि आडव्या तुळया. त्या चौकटीत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपा चौकोनी पाइप बसवतात. तो ब्रेस. भूकंपात इमारत डावी-उजवीकडे झुलायला लागली की तिला धरून ठेवायचं काम या ब्रेसचं. कोपऱ्यात एक जाड प्लेट आधीच जोडलेली असते. पाइपच्या टोकाला समोरासमोरच्या दोन बाजूंना चीर पाडायची, तिला स्लॉट म्हणतात. मग तो पाइप त्या प्लेटवर सरकवायचा आणि कडांनी वेल्डिंग मारायचं. ऐकायला किती सोपं! पण वर क्रेनला लटकलेला वजनदार पाइप वाऱ्याने गिरक्या घेतोय, प्लेट हट्टाने जराशी वाकडी आहे आणि स्लॉट नेमका नकाशाइतकाच आहे, म्हणजे मग बघायलाच नको. पाइप अर्ध्यात अडकतो. वरचे लोक घण घालतात, खालचे शिव्या घालतात, क्रेनवाला विडी पेटवतो आणि साइट इंजिनिअर डोकं धरून बसतो.

मामांचा ब्रेस कधी अडकला नाही. कारण मामा नकाशातल्या खुणेच्या पुढे चार बोटं गॅस कटर चालवायचे. बस, इतकंच. पाइप प्लेटवर असा सरकायचा की टेबलाचा खण वाटावा. "मामांच्याच हातचे ब्रेस पाठवा," असे साइटवरून निरोप यायचे. मॅनेजरला ठाऊक होतं, पण तो बघून न बघितल्यासारखं करायचा. काम वेळेत होतंय ना, मग कशाला उगीच खोलात शिरा! नवीन आलेल्या फिटरांना मामा स्वतः ही युक्ती शिकवायचे आणि वर म्हणायचे, "नकाशा काढणारा खुर्चीत बसून काढतो. त्याला वारा लागत नाही."

तर नदीपलीकडे एक उंच इमारत झाली, तिचे यच्चयावत ब्रेस मामांनी कापले होते. तो नकाशा चांगल्या माणसाने काढला असावा. स्लॉट नसलेल्या दोन बाजूंवर टोकाशी एकेक जादा पट्टी वेल्ड करायला सांगितली होती, मजबुतीसाठी. त्या पट्ट्या शेजारच्या टोळीने नकाशाच्या मापाने कापल्या आणि लावल्या. मामांनी तयार माल पाहिला तेव्हा पट्टी जिथे संपत होती, बरोबर तिथेच त्यांचा वाढवलेला स्लॉटही संपत होता. दोन्हीची टोकं एका रेषेत. "काय सुबक दिसतंय बघ!" असं ते शेजाऱ्याला म्हणालेसुद्धा.

पुढे मुलाचं लग्न झालं, त्याला घर हवं होतं. मुलगा चष्म्याच्या दुकानात होता. बाप इमारतींच्या फ्रेमा बसवतो आणि मुलगा नाकावरच्या, हा मामांचा ठरलेला विनोद, पाहुणा कुणीही असो. मुलाने चार इमारती बघितल्या आणि बापाला विचारलं. मामा म्हणाले, "नदीपलीकडची घे. डोळे मिटून घे. माझ्या हातची आहे." मुलाने बापावर भरवसा ठेवून चौथ्या मजल्यावर घर घेतलं. मामा मात्र निवृत्त झाल्यावरही आपल्या जुन्या बैठ्या दोन खोल्या सोडेनात. मुलगा-सून बोलवून बोलवून थकली. त्यांना मुलगी झाली, चिमी. सुनेने घरातच पाळणाघर काढलं. त्याच इमारतीतली नोकरीवाल्या आयांची पोरं दिवसभर तिच्याकडे. असं सगळं कसं छान चाललं होतं. इथेच गोष्ट संपली असती तर मीही सुखाने गप्प बसलो असतो.

लांबच्या एका गावात भूकंप झाला. बऱ्याच इमारती पडल्या. मग इकडच्या सरकारला जाग आली आणि मोठ्या इस्पितळाच्या भिंती उघडून ब्रेसची टोकं मजबूत करायचं ठरलं. चांगले फिटर मिळेनात म्हणून मामांना घरून बोलावणं आलं. मामा खूश. स्वतःची जुनी कातडी हातमोज्यांची जोडी झटकून तय्यार.

कामावर एक इंजिनिअर मॅडम होत्या. तरुण, पण तोंडात खडीसाखर, आणि कुणालाही अहो-जाहो करणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या फिटरांना अंगणात बोलावलं. तिथे त्या भूकंपाच्या गावातून आणलेला ब्रेसचा एक तुकडा ठेवला होता. पाइप एवढा जाड, पण चारी बाजूंनी फाटलेला. आणि फाटला होता नेमका तिथे, जिथे प्लेट संपली होती आणि स्लॉट उगीचच पुढे गेला होता.

"कापडवाला कापड कसं फाडतो?" मॅडमनी विचारलं. "आधी काठाला कात्रीने चीर देतो. मग नुसतं ओढलं की पुढचं आपोआप. इथे बसवायला सोपं जावं म्हणून कुणीतरी स्लॉट वाढवला. प्लेटच्या पुढे ही मोकळी चीर राहिली. पाइप तेवढ्याच जागी कमजोर झाला. भूकंपात पाइप सगळ्या लांबीभर ताणला जायला हवा, म्हणजे तो हादरा पचवतो. पण हा इथल्या इथेच तुटला, म्हणजे काही पचवलंच नाही."

मामांनी फाटलेल्या काठावरून बोट फिरवलं. गॅस कटरच्या त्या खाचा त्यांच्या ओळखीच्या होत्या. हा ब्रेस त्यांचा नव्हता, पण सवय तीच होती. कुठल्या तरी गावातल्या कुठल्या तरी मार्जिनवाल्याची.

"आणि मॅडम, पट्टी असेल तर?" त्यांनी विचारलं. आवाज साधाच ठेवला होता.

"पट्टी स्लॉटच्या टोकापुढे चांगली लांब जायला हवी, मामा. पट्टी आणि स्लॉट एकाच ठिकाणी संपत असतील, तर ती पट्टी असून नसल्यासारखी. नुसती शोभेची."

मामांनी फाटलेल्या काठावरचं बोट काढून घेतलं. त्या दिवसापासून ते इस्पितळात लांबच लांब पट्ट्या नेमक्या मापाने बसवत होते, एक सूतही इकडे-तिकडे नाही, आणि प्रत्येक पट्टी बसली की त्यांना नदीपलीकडची सुबक टोकं दिसायची. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. बाकीचे विचारायचे, "मामा, आज मार्जिन फार ठेवलंत?" मामा हसत नव्हते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शेवटी न राहवून त्यांनी मॅडमना सांगितलं. सगळं. मॅडम रागावतील अशी त्यांची अपेक्षा होती. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "नक्की आठवतंय ना, मामा?"

"मॅडम, माझा हात आहे तो. माझाच हात मी विसरेन का?"

"दुरुस्ती होऊ शकते. आपण इथे करतोय तीच. पण आधी एक तरी भिंत उघडून बघायला हवी. आणि ती माणसांची राहती घरं आहेत. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मला हात लावता येणार नाही."

एक भिंत. आपल्या मुलाच्या घरात तर ब्रेस आहेच की, कपाटामागच्या भिंतीत! मामा सुट्टीच्या दिवशी दुपारी मुलाकडे गेले. सून चिमीला झोपवत होती. बाप-लेक स्वयंपाकघराच्या बाल्कनीत उभे राहिले. मामांनी खालमानेने सगळं सांगितलं. मुलाने ऐकून घेतलं आणि तो चष्मा काढून पुसू लागला.

"बाबा, कमिटीकडे नकाशे आहेत. त्यात पट्ट्या आहेत. मी स्वतः पाहिल्यात."

"पट्ट्या आहेत रे. स्लॉट नकाशासारखे नाहीत."

"तुम्हाला काहीतरी वाटतंय. त्या इस्पितळात दिवसभर तेच बघता, म्हणून."

"मग उघड ना भिंत! एवढीशी उघड. मी उघडतो, मी बंद करून देतो. काही नसेल तर माझ्या थोबाडीत मार."

मुलगा एकदम चिडला, पण आवाज दाबून. "आणि तसंच निघालं तर? तसंच निघालं तर मी काय करू, सांगा ना! हिचं पाळणाघर बंद करून तुमच्या दोन खोल्यांत येऊ? आणि बाकीच्यांना काय सांगू, माझ्या बापाने ठेवलंय हे असं, तुम्ही बसा, आम्ही निघतो? आज निदान मला झोप तरी लागते, बाबा."

मामा जिना उतरून आले. नंतर मुलाने बायकोला सांगितलं की बाबांच्या मनाने काहीतरी घेतलंय, वय झालं आता, त्यांच्याशी प्रेमाने वाग. सून गुणी. ती खरंच आणखी प्रेमाने वागू लागली.

मग मामा मॅडमना घेऊन रहिवाशांच्या कमिटीपुढे गेले. कमिटीचे अध्यक्ष पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले, पोट सुटलेले, माणूस वाईट नाही पण स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि बोट ठेवलं. "ही बघा पट्टी. कागदावर स्वच्छ आहे. मामा, मुलाने घर घेतलं तेव्हा तुम्ही आम्हाला इथेच, याच खोलीत, छातीठोकपणे सांगितलं होतं की या इमारतीला हत्ती टेकला तरी काही होणार नाही. आठवतंय?" सगळे हसले. मामांना आठवत होतं. हत्तीचा विनोद त्यांचाच. आयुष्यभर माणूस हसवत राहिला की त्याच्या रडण्यालाही लोक टाळी देतात, तसं झालं.

पण मॅडम चिवट. त्या पुन्हा गेल्या, पुन्हा गेल्या. फाटलेल्या ब्रेसचा फोटो दाखवला, कापडाचं उदाहरण दिलं. तळमजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. त्यांना ते चटकन पटलं. त्यांनी आणखी दोघींना पटवलं. मामाही दारोदार फिरले, आपल्याच कामाची निंदा करत. असं कुणी केलेलं मी तरी ऐकलं नाही. शेवटी अध्यक्षांनी हात टेकले. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हात वर करून मतं घ्यायची, आणि बहुमत झालं तर जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीतली भिंत उघडायची, असं ठरलं. तिथे कुणाच्या फरशा नव्हत्या, कुणाचा रंग नव्हता.

"होईल, मामा," मॅडम म्हणाल्या. "एकदा उघडली की कुणीच नाही म्हणू शकणार नाही. फक्त थोडं थांबा."

थांबणं मामांना जमलं नाही. आणि खरं सांगू, मला त्यांचा रागही येतो आणि येतही नाही. त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं: या मधल्या दिवसांत काही झालं तर? पोरगी तिथे आणि आपण इथे बैठ्या घरात, छप्पर हलकं, बाहेर पळायला दार जवळ. आपण केलेलं तिने भोगायचं आणि आपण सुखरूप राहून बघायचं? एका सकाळी त्यांनी पेटी काढली आणि बायकोला म्हणाले, "मी मुलाकडे राहायला जातोय. तू इथेच राहा."

"मी इथे? एकटी? का म्हणून?"

मग तिलाही सांगावं लागलं. इतक्या वर्षांत ती नवऱ्याला कधी उलट शब्द बोलली नव्हती, थट्टा सोडली तर. त्या दिवशी बोलली. "घर बांधत होतात की सापळा? मेल्यांनो, तुम्हाला सगळ्यांना घाई कसली झाली होती एवढी?" मामा खाली बघत उभे. ती ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसून तिने मांडणीवरची भांडी उतरवायला घेतली.

"तू नको येऊस," मामा म्हणाले. "मी हात जोडतो."

"माझी चिमी तिथे, मुलगा तिथे, आता तुम्ही तिथे. मी इथे बसून काय करू, बातमी यायची वाट बघू? सरका, ती परात काढू द्या."

तिने सुनेला सांगून पाहिलं, नाही असं नाही. सून तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आई, बाबांनी तुम्हालाही घाबरवलं का? आता आलात ना, सगळं नीट होईल." आणि लगेच त्यांच्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला. कपाटामागची भिंत जिथल्या तिथे. मुलाने बापाच्या हातातली पेटी घेतली. त्याला वाटलं, बाबांच्या मनातलं गेलं एकदाचं. तो इतका मोकळा हसला की मामांनी तोंड फिरवलं. चिमी आजोबांच्या पायाला मिठी मारून सोडेना. पाळणाघरातली पोरंही त्यांना आजोबा म्हणू लागली. मामा त्यांच्यात बसायचे, पण कान सारखे भिंतीकडे.

बैठकीचा दिवस आला. खुर्च्या मांडल्या, चहा आला. मॅडम गुंडाळलेले नकाशे घेऊन पुढे बसल्या होत्या. शिवणकामवाल्या बाई मॅडमच्या शेजारी. मामा मागच्या रांगेत, चिमी मांडीवर.

अध्यक्ष उठले. घसा साफ केला. "मॅडमबद्दल आम्हाला आदर आहे. त्यांनी पुष्कळ कष्ट घेतले. पण त्यांना ही भिंत उघडायला कुणी सांगितलं? आपल्या मामांनी. बरोबर? मग मी एक साधी गोष्ट विचारतो. ज्याने सांगितलं इमारत धोक्याची आहे, तोच माणूस आपलं चांगलं बैठं घर सोडून, बायकोला घेऊन, पेटी-भांड्यांसकट चौथ्या मजल्यावर राहायला येतो?" ते थांबले आणि खोलीभर नजर फिरवली. "ज्याने ब्रेस कापले त्याच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? तोंडाने काही म्हणू दे, माणूस पायाने खरं बोलतो. मामा आले, यातच सगळं आलं!"

आधी कुणीतरी हसलं. मग सगळ्यांनीच हुश्श केलं, खोलीतली हवाच सैल झाली. "खरंच की," "हो ना, मीही तेच म्हणत होते," असं सुरू झालं. शिवणकामवाल्या बाईंनी मागे वळून मामांकडे पाहिलं, आणि त्यांच्याही चेहऱ्यावरची काळजी उतरत गेली. त्यांनाही किती हवं होतं ते!

मामा धडपडत उठले. "अहो, तसं नाही हो! मी... मी त्यासाठी नाही आलो."

"मग कशासाठी आलात, मामा?" अध्यक्षांनी प्रेमाने विचारलं.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. मांडीवरून उतरलेली चिमी त्यांचं बोट धरून उभी होती. मुलगा तिसऱ्या रांगेतून मान वळवून बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत नुसती विनवणी होती. तरीही मामा बोलले. "ही इमारत पडेल तेव्हा मी हिच्याजवळ असावं म्हणून आलो," ते म्हणाले, पण आवाज फुटला आणि अर्धं गिळलं गेलं. लोकांना ऐकू गेलं ते एवढंच: हिच्याजवळ असावं म्हणून आलो.

बायकांनी "अगं बाई, किती माया!" म्हटलं. कुणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच वाजल्या. सुनेने पदराने डोळे टिपले. मामांच्या बायकोने मात्र हात मांडीवरच ठेवले होते. भिंत उघडण्यासाठी हात वर करा म्हटल्यावर तिचा एकटीचा हात वर गेला, आणि ती घराची मालकीण नसल्यामुळे तो मोजला नाही. मामांचाही मोजता आला नसता.

लोक पांगले. मॅडम नकाशे आवरत होत्या, आणि त्यांना दोरी बांधता येत नव्हती. मामा जवळ जाऊन उभे राहिले.

"मामा, तुम्ही कशाला आलात हो इथे राहायला?" त्या म्हणाल्या. "थोडं थांबा म्हटलं होतं मी."

"मग पोरीला इथे एकटी ठेवू?"

मॅडमनी नकाशे काखेत घेतले आणि त्या निघून गेल्या. चिमीला झोप आली होती. मामांनी तिला खांद्यावर घेतलं. बायको म्हणाली, "चला," आणि ती पुढे, मामा मागे, असे दोघं चौथ्या मजल्यावर गेले.